कर्कसंशोधिका डॉ. कमल रणदिवे

काही विद्या ग्रंथांवरून साध्य होतात; काही मात्र गुरूच्या शेजारी उभे राहून, त्याच्या हाताकडे पाहत शिकाव्या लागतात. कर्करोगाचे संशोधन ही दुसऱ्या प्रकारची विद्या होय. शरीरातून काढलेल्या सूक्ष्म पेशी काचपात्रात, पोषक द्रवात, शरीराइतक्याच उष्णतेत जिवंत ठेवावयाच्या, वाढवावयाच्या आणि बाहेरचा एकही जंतू आत शिरू द्यावयाचा नाही, ही कला केवळ वाचून कोणास येणार? म्हणून ज्यांना प्रयोगशाळेत जागा मिळत नाही, ते या विद्येलाही मुकतात. आपल्या देशात स्त्रियांची स्थिती दीर्घकाळ अशीच होती. ही जागा स्वतः मिळवून पुढे इतरांनाही ती मिळवून देणाऱ्या एका विदुषीचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यास समर्थ घराण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. कन्येने वैद्यकाकडे वळावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु हुजूरपागेतील शिक्षण संपल्यावर कमलताईंनी फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचाच मार्ग धरला. १९३९ साली गणिताचे अभ्यासक जयसिंग त्र्यंबक रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी विवाह म्हणजे बहुधा मुलीच्या शिक्षणाची समाप्ती! येथे मात्र पतीचे साहाय्य लाभले आणि सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून १९४३ साली त्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम्. एस्सी. झाल्या.

पुढे मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्यापाशी गेल्या. मानवी कर्कपेशींचा अखंड वाढत राहणारा पहिला वंश १९५१ साली ज्यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाला, तेच हे गे. पेशीसंवर्धनाची विद्या हस्तगत करून कमलताई स्वदेशी परतल्या. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी उभारलेली पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा ही भारतातील पहिली मानली जाते. उंदरांच्या निरनिराळ्या वाणांवर प्रयोग करून स्तनाच्या कर्करोगाशी आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू यांचा काय संबंध आहे, याचा त्यांनी कसून शोध घेतला. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालकपदाची धुराही त्यांनी वाहिली.

एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. परदेशी गेलेल्या तरुण संशोधकांनी मायदेशी परतून येथेच काम करावे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या हाताखाली पुढची पिढी तयार झाली. १९७३ साली सहकारी शास्त्रज्ञ स्त्रियांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. मुलीपाशी बुद्धी असली, पदवी असली, तरी परगावी राहावे कोठे आणि कामावर जाताना तान्हे मूल ठेवावे कोणापाशी, हे प्रश्न तिची वाट अडवितात. वाशी येथे या संघटनेने नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालविले, यातच तिच्या संस्थापिकांची व्यवहारदृष्टी दिसते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले भागात आदिवासी बालकांच्या पोषणाचाही कमलताईंनी अभ्यास केला. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच असतो आणि त्याच्याभोवती गर्दी पुष्कळ असते. मागे उभ्या राहिलेल्या मुलीला पुढे येऊ देणे ही लहानशी गोष्ट वाटेल. परंतु कमलताईंनी आयुष्यभर जे केले ते याच जातीचे होते. आमच्या विद्यार्थिनींनी आपली पाळी हक्काने मागावी आणि आपले पाहून झाल्यावर मागचीला हाताला धरून पुढे आणावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.