पंथ अनेक, कसोटी एक : आचार्य धर्मानंद कोसंबी

प्रार्थना समाज, बौद्ध धर्म, समाजवाद, गांधीविचार आणि जैन परंपरा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनावर प्रभाव टाकणाऱ्या या प्रवाहांपैकी बहुतेकांनी एखादाच निवडला आणि तो आयुष्यभर जपला. पालीचे प्रकांड पंडित आचार्य धर्मानंद कोसंबी मात्र या साऱ्या प्रवाहांतून गेले. प्रत्येकाकडून त्यांनी काही घेतले आणि प्रत्येकाचे उणेही दाखवून दिले. ही तुलना त्यांनी केवळ ग्रंथांतून केली नाही. तिची किंमत त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनीही मोजली.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, सांकवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण बेताचेच झाले. घरची नारळीची बागायत सांभाळत मिळेल ते वाचणाऱ्या या तरुणाच्या हाती 'बालबोध मेवा' या मासिकातील बुद्धचरित्र पडले. हे मासिक मुलांसाठी होते आणि ते ख्रिस्ती मिशन चालवीत असे. त्या वाचनाने त्यांच्या मनात बुद्धाविषयी जी ओढ निर्माण झाली, ती अखेरपर्यंत टिकली. 1899 च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून त्यांनी घर सोडले.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यामुळे त्यांचा प्रार्थना समाजाशी निकटचा संबंध आला. सुधारणावाद्यांचा विवेक त्यांना मानवला. पण बुद्धाची ओढ स्वस्थ बसू देईना. पुढे काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. बुद्धाचा देश म्हणून ते नेपाळात गेले; पण तेथे मूळ धर्माचा मागमूस न दिसल्याने निराश होऊन परतले. 1902 मध्ये त्यांनी सिंहलद्वीप गाठले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगलाचार्यांकडे त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि प्रव्रज्या घेतली. त्यानंतर ब्रह्मदेशातही ते राहिले.

भारतात परतल्यावर त्यांनी चीवर उतरवले आणि कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात पाली शिकवण्यास आरंभ केला. बुद्धाचा विचार महाराष्ट्रात मराठीतून पोहोचावा, ही त्यांची तळमळ होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य देऊ केले, तेव्हा त्यांनी कलकत्ता सोडले. या साहाय्यामुळे दुरावलेला संसारही पुन्हा जुळला.

1910 मध्ये 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. तेथे त्यांच्या वाचनात समाजवादी वाङ्मय आले. मनुष्याच्या दुःखाचे मूळ तृष्णेत आहे, हे बुद्धाने सांगितले होते. ती तृष्णा संपत्तीच्या मालकीचे रूप घेऊन समाजव्यवस्थाच कशी घडवते, याचे उत्तर त्यांना समाजवादात दिसले. 1912 मध्ये परतल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले आणि पाली विद्वानांची एक पिढी घडवली. पुढे पुन्हा हार्वर्ड, अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ आणि 1929 मध्ये सोव्हिएत रशियातील लेनिनग्राड असा त्यांचा प्रवास झाला. रशियातून परतताच 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला आणि कारावासही भोगला.

रशिया आणि सत्याग्रह या दोन्ही अनुभवांनंतर 1935 मध्ये 'हिंदी संस्कृती आणि अहिंसा' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या तुलनात्मक विचाराचे सार त्यात आढळते. वैदिक परंपरेतील यज्ञीय हिंसेवर त्यांनी टीका केली; पण स्वतःला प्रिय असलेल्या श्रमण परंपरेलाही सवलत दिली नाही. राजे आणि धनिकांकडून जमिनी व विहार स्वीकारताच श्रमण परिग्रही झाले आणि बहुजनांपासून तुटले, असा त्यांचा निष्कर्ष होता. आधुनिक विचारांनाही त्यांनी हीच कसोटी लावली. समाजवाद्यांपाशी शोषणाची कारणे ओळखणारी प्रज्ञा आहे, पण अहिंसा नाही. गांधींच्या मार्गात अहिंसा आहे, पण तिला त्या प्रज्ञेची जोड हवी. प्रज्ञेवाचून अहिंसा दुबळी ठरते आणि अहिंसेवाचून प्रज्ञा घातक ठरते, हे त्यांचे प्रतिपादन दोन्ही गोटांतील निष्ठावंतांना अडचणीचे होते.

त्यांनी केवळ पुस्तकी मांडणी केली नाही. 1937 मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी 'बहुजन विहार' उभारला. 1940-41 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी बुद्धचरित्रातील चमत्कार बाजूला सारले. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही लोकप्रिय कथा त्यांनी नाकारली आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे लक्ष वेधले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून हाच तंटा येतो. प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराविषयी धर्मानंदांनी केलेल्या विवेचनामुळे मात्र जैन समाजात तीव्र नाराजी उमटली. पुराव्यावर आधारलेले मत त्यांनी मागे घेतले नाही.

ज्यांचा रोष ओढवला, त्याच परंपरेकडे ते अखेरीस अधिक ओढले गेले. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह हा पार्श्वनाथांचा चातुर्याम धर्म त्यांना साऱ्या विचारप्रणालींचा समान पाया वाटू लागला. याच विषयावरील त्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, 1949 मध्ये प्रकाशित झाले. शरीर व्याधींनी जर्जर झाले, दुसऱ्यांकडून सेवा घेत जगणे नको वाटू लागले, तेव्हा त्यांनी जैनांमधील सल्लेखनेप्रमाणे अन्नत्यागाचा निर्णय घेतला. गांधीजींच्या आग्रहावरून एकदा त्यांनी उपोषण सोडले होते. मात्र मूळ निश्चय कायम राहिला. 4 जून 1947 रोजी सेवाग्राम आश्रमात त्यांनी देह ठेवला. दिल्लीतील प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांना आदरांजली वाहिली.

बौद्ध पंडिताने गांधीजींच्या आश्रमात जैन मार्गाने घेतलेला हा निरोप होता. कोणत्याही एका पंथाला आपल्यावर पूर्ण हक्क सांगता येऊ नये, असेच ते जगले होते. त्यांचे पुत्र, गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबी यांनी पुढे मार्क्सवादी दृष्टीतून प्राचीन भारताचा इतिहास नव्याने मांडला. पित्याचा अहिंसेवरचा भर आणि पुत्राचा मार्क्सवाद यांत अंतर होते. परंपरेला तिचा पुरावा विचारण्याची आणि उत्तर अप्रिय असले तरी ते मांडण्याची वृत्ती मात्र दोघांची एकच होती. आपापल्या विचारधारेचे गुण आणि दुसऱ्याचे दोष मोजण्याची सवय जडलेल्या समाजाला धर्मानंदांची ही एकच फूटपट्टी आजही गैरसोयीची वाटेल. तिची गरजही तितकीच आहे.