विल्यम फ्रूड : मेणाच्या होड्यांनी जहाजांचं गणित सोडवणारा अभियंता



आज जहाज बांधण्याआधीच त्याच्याभोवती पाणी कसं वाहील, लाटा कशा उठतील हे संगणकावर पाहता येतं. पण या विद्येचा पाया ज्यांनी भक्कम केला, त्यांच्याकडे संगणक नव्हता. होत्या त्या मेणाच्या होड्या. त्यांचं नाव विल्यम फ्रूड.

फ्रूड यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८१० रोजी इंग्लंडमधील डार्टिंग्टन येथे झाला. ऑक्सफर्डला गणित शिकून ते रेल्वेच्या कामावर अभियंता ब्रुनेल यांच्या हाताखाली रुजू झाले. १८४६ मध्ये आजारी वडिलांसाठी त्यांनी ते काम सोडलं. पुढे ब्रुनेल यांनीच 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाच्या डोलण्याचा अभ्यास त्यांच्यावर सोपवला आणि फ्रूड जहाजांकडे वळले.

त्या काळी नवं जहाज किती वेगाने जाईल, हे ते बांधून झाल्यावरच नक्की कळायचं. अंदाज चुकला की पैसा अक्षरशः पाण्यात! लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या जात, पण त्यांचे आकडे मोठ्या जहाजाला लागू पडत नसत. म्हणून अनेक जाणकारांचा प्रतिकृतींवर विश्वासच नव्हता.

असं का होतं? फ्रूड यांनी याचं उत्तर शोधलं. पाणी जहाजाला मुख्यतः दोन प्रकारे अडवतं. एक म्हणजे पाण्याचं घर्षण आणि दुसरं म्हणजे लाटा उठवण्यात खर्च होणारी शक्ती. या दोन्ही गोष्टी आकाराबरोबर सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून त्या वेगळ्या करून मोजायला हव्यात.

१८६७ मध्ये त्यांनी डार्ट नदीत ३, ६ आणि १२ फुटी होड्या ओढून पाहिल्या. वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला, तर एकाच घडणीच्या लहान-मोठ्या होड्यांभोवती लाटांची नक्षी सारखीच उठते, असं त्यांना दिसलं. सोपं उदाहरण घेऊ. प्रतिकृती जहाजाच्या १/१६ आहे. १६ चं वर्गमूळ ४. मग जहाज ताशी २० किलोमीटरने जाणार असेल, तर प्रतिकृती ताशी ५ किलोमीटरने ओढायची. घर्षणासाठी त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या फळ्या पाण्यातून ओढून स्वतंत्र मोजमाप केलं.

१८६९ मध्ये एका अभ्यास समितीने प्रतिकृतींऐवजी खरीच जहाजं ओढून पाहण्याची शिफारस केली. समितीत असूनही फ्रूड यांनी वेगळं मत नोंदवलं. ब्रिटिश नौदलाने त्यांना २,००० पौंड मंजूर केले आणि टॉर्की गावी घराजवळच २७८ फूट लांबीची टाकी उभी राहिली. मेणाच्या प्रतिकृती तिथे ओढल्या जाऊ लागल्या.

पण फ्रूड तेवढ्यावर थांबले नाहीत. विरोधकांना हवी होती ती परीक्षाही त्यांनी दिली. 'ग्रेहाउंड' हे नौदलाचं खरं जहाज दुसऱ्या जहाजाने समुद्रात ओढवून त्यांनी त्याला लागणारा जोर मोजला. प्रतिकृतीवरून काढलेले आकडे त्याच्याशी चांगले जुळले. प्रतिकृतींवरचा विश्वास बसला तो इथे.

४ मे १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेत सायमन्स टाउन येथे त्यांचं निधन झालं. त्यांचं काम मुलगा रॉबर्ट याने पुढे नेलं.

आज संगणक पाण्याचे लाखो छोटे तुकडे कल्पून प्रत्येकातल्या प्रवाहाचं गणित करतो. तरी वेग आणि लांबीचं ते नातं 'फ्रूड अंक' म्हणून त्यात आहेच. आणि संगणकाचं उत्तरही टाकीतल्या प्रयोगाशी ताडून पाहिलं जातं. आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याच्या जल संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृती करतात, त्यांनाही हाच नियम लागतो.

विज्ञान प्रदर्शनात मुलं धरण, ज्वालामुखी, सूर्यमाला अशा प्रतिकृती मांडतात. आपण छान म्हणतो आणि पुढे जातो. यंदा एक प्रश्न जरूर विचारा : बाळांनो, यात खऱ्यासारखं काय आहे आणि खऱ्यासारखं काय नाही? फ्रूड यांचं सगळं मोठेपण या एका प्रश्नात होतं.