छोट्या शब्दांचा कोशकार : डॉ. सॅम्युएल जॉन्सन

इंग्रजी भाषेच्या इतिहासात डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचे नाव १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शब्दकोशामुळे अजरामर झाले. त्यांच्या पांडित्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. या स्मरणिकेच्या वाचकांपुढे त्यांचे चरित्र ठेवताना आम्हाला मात्र त्यांच्या एका दुर्लक्षित कार्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. इंग्रजी शिकणाऱ्या परक्या माणसाची खरी अडचण कोठे आहे, हे या कोशकाराने अचूक ओळखले होते. आमच्या वसतिगृहांतील मुलामुलींची अडचण आजही नेमकी तीच आहे.

जॉन्सन यांचा जन्म १७०९ साली इंग्लंडमधील लिचफिल्ड या गावी झाला. वडील मायकेल हे पुस्तकविक्रेते होते. परंतु धंदा बेताचाच, आणि पुढे तोही खालावत गेला. बालपणीच गंडमाळेने ग्रासल्यामुळे सॅम्युएलच्या चेहऱ्यावर व्रण राहिले, एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली आणि कानांनाही कमी ऐकू येऊ लागले. असा हा मुलगा वडिलांच्या दुकानातील पुस्तके वाचून वाढला. १७२८ साली त्यांना ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात प्रवेश मिळाला. तेथे त्यांचे जोडे इतके फाटले होते की दुसऱ्या कॉलेजातील विद्यार्थ्यांच्या नजरा त्यांवर खिळू लागल्या, तेव्हा त्यांनी तिकडे जाणेच सोडले. कोणीतरी कनवाळूपणाने नव्या जोड्यांचा एक जोड त्यांच्या दाराशी ठेवला. तो त्यांनी संतापाने फेकून दिला. दयेचे दान आणि हक्काचे शिक्षण यांतील अंतर ज्यांनी भोगले आहे, त्यांना या संतापाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. सुमारे तेरा महिन्यांनी पैशाअभावी त्यांना पदवीविना ऑक्सफर्ड सोडावे लागले.

पदवी नसल्यामुळे आणि शरीराच्या अनावर झटक्यांमुळे शिक्षकाची चांगली नोकरी मिळेना. १७३५ साली एलिझाबेथ पोर्टर या विधवेशी त्यांचा विवाह झाला. पत्नीच्या पैशातून त्यांनी लिचफिल्डजवळ एडियल येथे एक निवासी शाळा काढली. विद्यार्थी मोजकेच आले आणि ती शाळा लवकरच बंद पडली. त्या मोजक्या विद्यार्थ्यांत डेव्हिड गॅरिक होता, जो पुढे इंग्लंडचा श्रेष्ठ नट झाला. १७३७ साली गुरू आणि शिष्य दोघेही नशीब काढण्यासाठी लंडनला निघाले. त्यानंतरची अनेक वर्षे जॉन्सन यांनी नियतकालिकांसाठी मिळेल ते लेखन करून काढली.

१७४६ साली लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी १,५७५ पौंडांच्या मोबदल्यात इंग्रजीचा कोश तयार करण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा लेखनिकांसह काम सुरू झाले. जॉन्सन ग्रंथ वाचीत, उपयोगी शब्दांखाली रेघ ओढीत आणि लेखनिक ती वाक्ये उतरवून घेत. शब्दाचा अर्थ कल्पनेने ठरवावयाचा नाही, तो लोकांनी लिहिलेल्या वाक्यांतून शोधावयाचा, ही त्यांची पद्धत होती. कामाचा आराखडा त्यांनी लॉर्ड चेस्टरफिल्ड यांना उद्देशून लिहिला होता, पण त्यांच्याकडून फारसे साह्य झाले नाही. कोश पूर्ण होत आल्यावर चेस्टरफिल्ड यांनी वृत्तपत्रातून स्तुती केली, तेव्हा जॉन्सन यांनी खरमरीत पत्र लिहून ते उशिरा आलेले आश्रयदातृत्व नाकारले. १५ एप्रिल १७५५ रोजी दोन प्रचंड खंडांत कोश प्रसिद्ध झाला. त्यात बेचाळीस हजारांहून अधिक शब्द होते.

या कोशाच्या प्रस्तावनेत एक लहानसा परिच्छेद आहे. इंग्रजीत क्रियापदाच्या मागे एखादा छोटा शब्द जोडून त्याचा अर्थच पालटून टाकण्याची रीत फार आहे आणि परकीयांना सर्वांत मोठी अडचण तीच होते, असे जॉन्सन तेथे नोंदवितात. ‘सेट आउट’ म्हणजे प्रवासास निघणे, ‘गिव्ह ओव्हर’ म्हणजे थांबणे, ‘बेअर आउट’ म्हणजे समर्थन करणे, ‘टेक ऑफ’ म्हणजे नक्कल करणे, अशी उदाहरणे ते देतात. यांतील कित्येक अर्थ मूळ शब्दांपासून इतके दूर गेले आहेत की कितीही बुद्धी चालविली तरी त्यांचा माग लागत नाही, अशी कबुली ते देतात. म्हणूनच असे प्रयोग आपण काळजीपूर्वक टिपले आहेत आणि जे सुटले असतील ते इतरांशी ताडून पाहता उलगडतील, असा दिलासाही ते भाषेच्या विद्यार्थ्याला देतात. ‘टेक’ या एकाच क्रियापदाखाली त्यांनी शंभराहून अधिक अर्थ क्रमवार मांडले. अशा प्रयोगांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव विसाव्या शतकात रूढ झाले. पण त्यांची नोंद दीडशेहून अधिक वर्षे आधी या कोशात झाली होती.

ही नोंद आम्हाला मोलाची का वाटते? स्वतः जॉन्सन यांचे गद्य लॅटिन वळणाच्या भारदस्त शब्दांचे होते. तरीही घरोघरी बोलल्या जाणाऱ्या ‘इन’, ‘आउट’, ‘अप’, ‘ऑफ’ या चिमुकल्या शब्दांपुढे ते थबकले. भारदस्त शब्द पुस्तकातून शिकता येतात. आमचा विद्यार्थी ‘पोस्टपोन’ आणि ‘टॉलरेट’ पाठ करून येतो; पण ‘पुट ऑफ’ आणि ‘पुट अप विथ’ समोर आले की अडखळतो, कारण हे शब्द ज्या घरांत पाळण्यापासून कानावर पडतात तसे त्याचे घर नसते. अर्ज ‘टर्न डाउन’ झाला म्हणजे नाकारला गेला, हे ‘टर्न’ आणि ‘डाउन’ यांचे अर्थ जोडून त्याला कसे कळावे? मग तो स्वतःलाच मंदबुद्धी समजू लागतो. इंग्रजीचा सर्वश्रेष्ठ कोशकार जेथे निव्वळ बुद्धी पुरत नाही असे सांगतो, तेथे त्या मुलाने लाजण्याचे काय कारण?

शिवाय ही रचना आपल्याला अगदीच परकी नाही. मराठीत ‘लिहून घे’, ‘लिहून काढ’, ‘लिहून टाक’, ‘लिहून ठेव’ या चारांत ‘लिहून’ एकच आहे. पण दुसऱ्या क्रियापदाने प्रत्येकाची छटा निराळी केली आहे. आमचे कोणतेही मूल त्यांची गल्लत करीत नाही. त्रिसरणातील ‘गच्छामि’ आपण रोज उच्चारतो. त्याच धातूपासून पालीत ‘आगच्छति’ म्हणजे येतो, ‘अनुगच्छति’ म्हणजे मागोमाग जातो आणि ‘अधिगच्छति’ म्हणजे प्राप्त करतो, अशी रूपे होतात. पालीत छोटा शब्द आधी येतो, इंग्रजीत नंतर, एवढाच भेद. पाली शब्दकोशाचे कष्टाचे काम स्वतः बाबासाहेबांनीही हाती घेतले होते, हे येथे आठवते. कोश म्हणजे ज्ञानाची किल्ली सर्वांच्या हाती देणे होय.

जॉन्सन यांनी ही किल्ली केवळ ग्रंथातून दिली नाही. १७५२ साली त्यांची पत्नी वारली. त्यानंतर थोड्याच दिवसांत फ्रान्सिस बार्बर नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा त्यांच्या घरी आला. तो जमैकातील गुलामगिरीत जन्मला होता. तो नोकर म्हणून आला. पण जॉन्सन यांनी त्याला पुढे स्वतःच्या खर्चाने बिशप्स स्टॉर्टफोर्ड येथील शाळेत शिकविले. तेव्हा तो वयाने विशी ओलांडलेला होता. मृत्युपत्रातही त्यांनी त्यालाच आपला प्रमुख वारस केले व वर्षाला सत्तर पौंडांची तरतूद केली. मृत्युपत्राचे एक कार्यवाह आणि चरित्रकार सर जॉन हॉकिन्स यांना हे औदार्य रुचले नाही. बार्बर लिचफिल्डला राहावयास गेला आणि नंतर जवळच्या बर्नटवूड येथे त्याने लहानशी शाळा चालविली.

जॉन्सन यांना निर्दोष ठरविण्याचा आमचा हेतू नाही. समाजातील उच्चनीच श्रेणी आवश्यक आहे, असे ते मानीत. ते मत आम्हाला मान्य होणे शक्य नाही. पण गुलामगिरीचे ते कट्टर विरोधक होते, आणि चूक उमगली की मत बदलण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. भाषा कोशात कायमची बांधून ठेवण्याची आशा त्यांनी आरंभी बाळगली होती. काम संपताना, भाषा कोणालाच बांधता येत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

१३ डिसेंबर १७८४ रोजी त्यांचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्यांचे दफन करण्यात आले. पदवीविना परतलेल्या या विद्यार्थ्याला ऑक्सफर्डने कोश प्रसिद्ध होण्यापूर्वी एम.ए. आणि १७७५ साली डॉक्टरेट देऊन गौरविले होते. आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यापासून एक साधी सवय घ्यावी. ‘गिव्ह अप’, ‘गिव्ह इन’, ‘गिव्ह अवे’ असे प्रयोग भेटतील तसे, पूर्ण वाक्यासह, वहीत उतरवून घ्यावेत आणि एकमेकांशी ताडून पाहावेत. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या कचेरीत कानावर पडणारे असे प्रयोग वसतिगृहातील धाकट्या भावंडांना कळवावेत. ज्या भाषेने आपल्या घरी येण्याची वाट कधी धरली नाही, तिच्या घराचे दार असेच एकेका छोट्या शब्दाने उघडते.