श्रीसंत गाडगेमहाराज आणि त्यांचा खराटा

आपल्या परीट समाजात जन्मास येऊन अखिल महाराष्ट्राचे झालेले श्रीसंत गाडगेमहाराज यांचा आपणा सर्वांस सार्थ अभिमान आहे. त्यांच्या हातातील खराट्याचे मर्म समाजबांधवांनी व भगिनींनी जाणावे, या हेतूने हे अल्प चरित्र सादर करीत आहे.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. मद्याच्या व्यसनापायी वडील अकाली निवर्तले. आई सखुबाई लहानग्या डेबूजीस घेऊन दापुरे येथे माहेरी आली. मामांच्या घरी त्यांनी गुरे राखली, नांगर धरला. शाळेचा लाभ मात्र झाला नाही. कन्येच्या बारशास मद्यमांसाची रूढ पंगत मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले. १९०५ च्या फेब्रुवारीत त्यांनी घरदाराचा त्याग केला.

पुढे सुमारे अर्धशतक ते गावोगाव फिरले. गावात पाऊल टाकताच ते रस्ते झाडू लागत, गटारे मोकळी करीत. प्रथम लोक त्यांस वेडा समजत. मग लज्जित होऊन स्वतःच झाडू हाती घेत. रात्री कीर्तन होई. श्रोत्यांस प्रश्न विचारून ते व्यसन, कर्ज, पशुबळी व अस्पृश्यता यांचा फोलपणा त्यांच्याच मुखाने वदवीत. मिळालेल्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पण कोणासही ते आपल्या पाया पडू देत नसत.

त्या काळी दुसऱ्यांची घाण काढणे हे काही जातींच्या माथी मारलेले काम होते. महाराजांवर तशी कोणाचीही सक्ती नव्हती. त्यांनी ते आपखुशीने केले आणि केर करणाऱ्याने तो स्वतः उचलावा, हा धडा कृतीने घालून दिला.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक प्रवासातच त्यांचे महानिर्वाण झाले. महाराष्ट्र शासनाने २००० साली त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अमरावतीच्या विद्यापीठासही त्यांचे नाव देण्यात आले.

परंतु नाव देऊन ऋण फिटत नाही. महाराजांच्या काळचा केर म्हणजे राख, शेण, पालापाचोळा व पत्रावळी. त्याचे कालांतराने खत होई. आजचे प्लॅस्टिक कुजत नाही. ते गटारे तुंबविते आणि गुरांच्या पोटात जाते. तरीही घरातील केर पिशवीत बांधून अंधारात रस्त्याच्या कडेस वा ओढ्यात फेकणारे सुशिक्षित गृहस्थ आपण पाहतो. घर स्वच्छ झाले, पण घाण शेजाऱ्याच्या दारी गेली. एवढेच नव्हे, तर महाराजांच्या जयंतीची मिरवणूक पुढे सरकल्यावर मागे पाण्याचे पेले व खाद्यपदार्थांची वेष्टने पडलेली दिसतात. ज्यांच्या नावाचा जयघोष करावयाचा, त्यांच्याच वाटेवर केर टाकावयाचा, ही विसंगती आपल्या समाजास शोभत नाही.

यापुढे प्रत्येक मिरवणुकीच्या मागे खराटे घेतलेल्या तरुणांची एक तुकडी असावी आणि तीत समाजाच्या पदाधिकाऱ्यांनी प्रथम उभे राहावे. प्रत्येक घरी ओला व सुका कचरा वेगळा ठेवून तो घंटागाडीतच द्यावा. मुलांस हे वळण लावण्याचे काम वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या आचरणाने करावे. महाराजांच्या जयंतीदिनी याहून वेगळी पूजा त्यांस रुचली नसती.