लुटीतला वाटेकरी, ठेव्याचा राखणदार

इजिप्तच्या वाळूखाली दडलेल्या वैभवाने एकोणिसाव्या शतकातील युरोपला झपाटून टाकले होते. जे सापडेल ते जहाजात भरून मायदेशी न्यावे, हाच त्या काळचा शिरस्ता. ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच गृहस्थाने आरंभी तेच केले. पुढे मात्र तीच जहाजे अडविण्यात त्याने आयुष्य वेचले.

१८२१ साली बुलोन या बंदरगावी जन्मलेला मारिएत मूळचा शाळामास्तर. इजिप्तला जाऊन आलेल्या एका दिवंगत नातलगाचे कागदपत्र हाती आले आणि त्याला चित्रलिपीचा नाद लागला. १८५० मध्ये लूव्र संग्रहालयाने त्याला जुनी हस्तलिखिते खरेदी करण्यासाठी कैरोला धाडले. तो व्यवहार फिसकटला. तेव्हा सक्कारा येथे वाळूतून डोकावणारे स्फिंक्सचे मस्तक पाहून त्याला स्ट्राबो या प्राचीन भूगोलकाराने केलेले वर्णन आठवले, आणि खरेदीचा पैसा त्याने बेधडक उत्खननात घातला. १८५१ मध्ये एपिस या पवित्र वृषभांची भूमिगत दफनभूमी उजेडात आली. तेथील हजारो वस्तू, सरकारी मनाई असतानाही, पॅरिसला पोहोचल्या.

१८५८ मध्ये सईद पाशाने त्याला पुराणवस्तूंचा प्रमुख नेमले आणि शिकारी रखवालदार झाला. १८५९ मध्ये राणी अहहोतेपचे दागिने एका प्रांताधिकाऱ्याने परस्पर बळकावले, तेव्हा मारिएतने नाईल नदीत आगबोट घालून ते परत मिळविले. १८६३ मध्ये बुलाक येथे त्याचे संग्रहालय उघडले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात हेच अलंकार सम्राज्ञी युजेनीच्या मनात भरले. खेदिव इस्माइल युरोपीय सावकारांच्या कर्जात बुडालेला. त्याने नकाराचे ओझे मारिएतवर ढकलले. मारिएतने आपल्याच देशाच्या सम्राज्ञीला नकार दिला. १८७१ मध्ये कैरोत रंगमंचावर आलेल्या व्हेर्दीच्या 'आयदा' या संगीतिकेचे कथाबीजही त्याचेच.

तथापि या पराक्रमाचा जमाखर्च मांडताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याचे उत्खनन फेलाह शेतकऱ्यांच्या वेठबिगारीवर चालले. कैरोत चित्रलिपी शिकणाऱ्या इजिप्शियन तरुणांना संग्रहालयातील लेख उतरवून घेण्यास त्याने मज्जाव केला. उद्या हेच आपल्या खुर्चीवर बसतील, ही धास्ती त्यामागे होती. तो १८८१ मध्ये निवर्तला. त्याने उभारलेल्या खात्याची सूत्रे मात्र १९५२ पर्यंत परकीयांच्याच हाती राहिली.

आज कैरोच्या तहरीर चौकातील संग्रहालयाच्या आवारात एका शवपेटिकेत तो विसावला आहे. हा मान त्याचा हक्काचाच. कर्जबाजारी राज्यात सर्वप्रथम विकला जातो तो पूर्वजांचा ठेवा, हे त्याने ओळखले आणि तो विकू दिला नाही. परंतु ठेवा राखणाऱ्याने वारसही घडवावे लागतात. वस्तू देशात राहिल्या. त्या वाचण्याचा अधिकार देशाच्या मुलांना मिळण्यास आणखी कित्येक दशके जावी लागली.