विश्लेषण : लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये मांडलेला ‘हीट पंप’ घरोघरी पोहोचायला इतकी वर्षे का लागली?

धायरीसारख्या उपनगरात चार मजली इमारतींच्या जागी बारा-पंधरा मजले उभे राहू लागले की गच्चीचे गणित बिघडते. गच्ची तेवढीच, फ्लॅट मात्र तिप्पट. सगळ्यांना पुरेल इतके सोलर बसत नाहीत आणि पावसाळ्यात ढग आले की बसवलेलेही पुरत नाहीत. अशा ठिकाणी गरम पाण्यासाठी हीट पंपाचा पर्याय पुढे येतो. यंत्र नवे वाटते. पण त्यामागचा हिशेब पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा आहे.

कोण होते केल्विन?

मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म २६ जून १८२४, बेलफास्ट. सहाव्या वर्षी आई गेली. वडील गणिताचे शिक्षक; ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि मुलाने दहाव्या वर्षीच त्या विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढे केंब्रिज, मग पॅरिसमध्ये रेन्यो यांची प्रयोगशाळा. तिथे असताना फ्रेंच अभियंता सादी कार्नो यांचे उष्णतेच्या इंजिनांवरचे पुस्तक त्यांनी दुकानोदुकानी शोधले, मिळाले नाही. १८४६ मध्ये, अवघ्या २२व्या वर्षी ते ग्लासगोत प्राध्यापक झाले आणि ५३ वर्षे तिथेच शिकवत राहिले. १८४८ मध्ये त्यांनी मांडलेले तापमानाचे निरपेक्ष माप आज त्यांच्याच नावाने, केल्विनमध्ये, मोजले जाते.

१८५२ मध्ये काय सुचवले?

त्या सप्टेंबरमध्ये त्यांचे लग्न झाले. पत्नी मार्गारेट लवकरच आजारी पडल्या, त्या १८७० मध्ये निधन होईपर्यंत पूर्ण बऱ्या झाल्याच नाहीत. लग्नानंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, इमारती गरम किंवा गार करण्यातल्या काटकसरीवरचा त्यांचा निबंध आला. मुद्दा असा : कोळसा शेगडीत जाळून खोली गरम करण्यापेक्षा त्याच कोळशावर इंजिन चालवावे आणि इंजिनाने बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून आत आणावी. उष्णता तयार करायची नाही, फक्त हलवायची. म्हणून खर्ची घातलेल्या कामापेक्षा कितीतरी जास्त उष्णता घरात येते. हेच चक्र उलटे चालवले की घर गार होते. आपला एसी म्हणजे तेच.

मग अडले कुठे?

कोळसा स्वस्त होता, घरोघरी शेगडी होती आणि घरात ठेवता येईल अशी छोटी मोटर नव्हती. वाफेचे इंजिन कोण दिवाणखान्यात लावणार? केल्विन स्वतःही दुसरीकडे वळले. अटलांटिकखालून टाकलेली तार १८६६ मध्ये यशस्वी झाली, त्यातून ‘सर’ ही पदवी आणि पैसा आला. १८८१ च्या एका भाषणात त्यांनी कोळसा संपण्याचा विषय काढून पवनचक्क्यांकडेही लक्ष वेधले होते. १८९२ मध्ये ते लॉर्ड झाले आणि विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव त्यांनी घेतले. १७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. झुरिकच्या नगरभवनात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसला तो १९३८ मध्ये.

आता मागणी का?

वीज घरोघरी आली, कॉम्प्रेसर लहान झाले. युरोपात २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे गॅस भडकला तेव्हा लोक हीट पंपाकडे वळले. पुण्यात खोल्या तापवायची वेळ क्वचितच येते, इथे प्रश्न अंघोळीच्या पाण्याचा. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला गीझरला साधारण साडेतीन युनिट लागतात. एका युनिटमागे तीन युनिट उष्णता देणाऱ्या हीट पंपाचे काम सव्वा युनिटमध्ये होते.

यंत्र मात्र गीझरपेक्षा बरेच महाग, टाकीसाठी आणि मोकळ्या हवेसाठी जागा हवी आणि पाणी तापायला वेळ लागतो. पाणी जितके जास्त कडक हवे तितकी बचत घटते, तेही केल्विन यांच्याच गणिताने. त्यामुळे कोटेशन मागवताना सोसायटीने फक्त ‘सीओपी’चा आकडा पाहू नये. तो किती अंशांच्या पाण्यासाठी आणि किती अंशांच्या हवेत मोजला आहे, हेही लेखी घ्यावे.