पहिली एकाकी भरारी

जुहूचा विमानतळ १९२९ साली विमानतळ म्हणावा असा नव्हता. समुद्रालगतचे ते सखल मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि उन्हाळ्यात धुळीने भरे. त्या वर्षाच्या आरंभी, चोवीस वर्षांचा एक तरुण त्या मैदानावर बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या मॉथ विमानात बसला होता. शिक्षक खाली उतरले, त्यांनी खूण केली आणि विमान एकट्या विद्यार्थ्याला घेऊन हवेत गेले. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांची ती पहिली एकाकी भरारी. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

मॉथ हे लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेले, दोन उघड्या आसनांचे विमान. आसने एकामागे एक आणि नियंत्रणाच्या दांड्या दोघांपाशीही. विद्यार्थ्याची चूक झाली तर शिक्षकाचा हात तात्काळ ती सावरी. शिक्षक उतरल्यावर मात्र दोन गोष्टी बदलत. एका माणसाचे वजन कमी झाल्याने विमान लवकर जमीन सोडी आणि उतरताना अधिक वेळ तरंगत राही. आणि चूक सावरणारा दुसरा हात उरत नसे. त्या विमानांत बिनतारी यंत्रणा नव्हती. खाली उभ्या शिक्षकाला ओरडूनही काही सांगता येत नसे. मैदानाभोवती एक फेरी, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज आणि उतरणे, एवढाच तो कार्यक्रम. परंतु त्या काही मिनिटांत शिकाऊ माणसाचा वैमानिक होतो. अर्थात त्या मिनिटांत कसोटी लागते ती शिक्षकाचीही. फार लवकर सोडले तर विद्यार्थी प्राणाला मुकेल. फार उशिरा सोडले तर त्याला परावलंबनाची सवय जडेल.

हार्डेलोट ते जुहू

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. आई फ्रेंच, वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे नातलग व सहकारी. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलोट येथे कुटुंबाचे सुटीतले घर होते. इंग्लंडची खाडी विमानाने प्रथम ओलांडणाऱ्या ब्लेरिओ यांचे घरही जवळच असल्याने विमाने तेथील वाळूवर उतरत. विमानाचे वेड या मुलाला लागले ते तेथे. पंधराव्या वर्षी त्याला विमानातून फेरफटका मारावयास मिळाला आणि वेडाचा निश्चय झाला. तथापि तो निश्चय फळास येण्यास पुढे नऊ-दहा वर्षे लागली. मध्यंतरी फ्रेंच सैन्यातील सक्तीची सेवा झाली, १९२५ अखेर टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवारी सुरू झाली आणि १९२६ साली वडील निवर्तले.

परवाना मिळाल्यानंतर आगाखान यांनी इंग्लंड व भारत यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयास ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. जेआरडी कराचीहून लंडनकडे निघाले. अस्पी इंजिनियर हा तरुण लंडनहून कराचीकडे. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीर येथे पडली. इंजिनियर यांचे विमान स्पार्क प्लगांवाचून अडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्यास देऊन टाकले आणि शर्यत थोडक्याने गमावली. तोच अस्पी इंजिनियर पुढे १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

अनुदानाचा हिशेब

लंडनची हवाई टपाल कराचीपर्यंत येई आणि तेथून रेल्वेने देशभर जाई. कराचीहून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत टपाल विमानाने न्यावी, ही कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. जेआरडींनी ती उचलून धरली. सरकारकडे अनुदान मागितले गेले. दिल्लीच्या कचेऱ्यांत कागद तीन वर्षे फिरला. अखेर टाटांनी अनुदानाची अटच सोडली, तेव्हा १९३२ च्या एप्रिलात करार झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी पुस मॉथ विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादेस इंधन भरून दुपारी जुहूस उतरले, आणि तेथून पुढे मद्रासच्या दिशेने व्हिन्सेंट गेले. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते, ही गोष्ट त्या काळच्या भारताचे सारे अर्थशास्त्र सांगून जाते. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेची विमाने १,६०,००० मैल उडाली. प्रवासी मात्र अवघे १५५ होते.

या कथेवरून खाजगी उद्योगाला सरकारी मदतीची गरज नसते, असा निष्कर्ष अनेकजण काढतात. तो घाईचा आहे. ज्या फ्लाइंग क्लबांत त्या पिढीचे वैमानिक घडले, त्या क्लबांना सरकारी अनुदान मिळत होते. शिवाय ज्याच्या पाठीशी टाटांसारखे घराणे होते, त्यालाच अनुदानावाचून उडणे परवडले. याचा अर्थ जेआरडींचे धैर्य उणे होते असा नव्हे. धैर्यालाही भांडवल लागते, एवढाच.

हात सोडण्याची कला

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने उलट टोक गाठले. युद्धातून उरलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि जेआरडींनी सावध केले असतानाही एवढ्या कंपन्यांना परवाने दिले गेले की, बहुतेक तोट्यात बुडाल्या. १९४८ साली सरकार व टाटा यांच्या भागीदारीत एअर इंडिया इंटरनॅशनल निघाली. ८ जून रोजी तिचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून लंडनला निघाले. तो प्रयोग यशस्वी ठरत असतानाच १९५३ साली सर्व हवाई कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींचा त्यास विरोध होता. तरीही एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि बिनवेतन पंचवीस वर्षे सांभाळले. १९७८ साली जनता सरकारने त्यांना आधी विश्वासात न घेता त्या पदावरून दूर केले. पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी तोच मार्ग जुन्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा एकट्याने पार केला. १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेली एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा टाटांकडे गेली, ते पाहावयास ते नव्हते.

या चरित्रात सरकार नावाचा शिक्षक तीन वेळा चुकलेला दिसतो. प्रथम त्याने पाठबळच दिले नाही; मग पात्रता न पाहता वाटेल त्यास आकाश मोकळे केले; आणि शेवटी जो उत्तम उडत होता, त्याच्याच हातातील दांडी काढून घेतली. जुहूच्या त्या अनुभवी शिक्षकाला जे साधले, ते शासनाला साधले नाही: आधी शिकवावे, मग पारखावे, आणि मग सोडून द्यावे, पण नजर ठेवून.

भिवंडीच्या यंत्रमागांवर हे शास्त्र अपरिचित नाही. नवा मुलगा आला म्हणजे त्यास आधी कांडी भरावयास देतात. पुढे जाणता कारागीर त्याला मागाशेजारी उभा करतो. आणि एके दिवशी माग त्याच्या स्वाधीन करून आपण दुसरीकडे वळतो. कान मात्र धोट्याच्या आवाजावरच असतो. आपली विद्यालये विद्यार्थ्याला या तिसऱ्या पायरीवर क्वचितच नेतात. मार्गदर्शिका हाती देऊन ती त्याला अखेरपर्यंत दुसऱ्या आसनाच्या भरवशावर ठेवतात आणि पदवीदानाच्या दिवशी एकदम मैदानात ढकलतात.

त्यातही एक विषमता आहे. व्यावसायिक वैमानिक होण्यासाठी आज २०० तासांचे उड्डाण लागते व त्यास लाखो रुपये पडतात. मागावर कांडी भरणाऱ्याच्या मुलाला एकट्याने उडण्याची छाती असेल. पण शिक्षकाच्या शेजारच्या आसनापर्यंत तो पोहोचणार कसा? जेआरडींना जुहूपर्यंत नेणारे घराणे होते. ज्यांना तसे घराणे नाही, त्यांच्यासाठी ते काम समाजाने व शासनाने करावयाचे असते. तेवढे झाल्यावर विमानातून उतरून बाजूस उभे राहण्याचे धैर्यही त्यांनीच दाखवावयाचे असते.